ओमानमधल्या फलजचं पाणी वाटतात कसं? आणि आपल्या नहरीशी त्याचं काही नातं आहे का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे जूनपासून आम्ही मस्कतला आहोत. परवाच्या शुक्रवारी निझव्याचा किल्ला बघून परत येताना बिरकत अल-मौझ नावाच्या गावात गाडी थांबवली. वर उतारावर पडझड झालेली मातीची जुनी घरं, खाली खजुराची आणि केळीची दाट बाग, आणि बागेतून झुळझुळ वाहणारा दगडी पाट. दुरून, बहुधा जमिनीखालून आणलेल्या अशा पाण्याच्या पाटाला इथे फलज म्हणतात. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. करंगळीएवढे मासे होते त्यात. मुलीने पाय सोडले आणि उठायलाच तयार नव्हती.

आम्ही तिथे असतानाच एक माणूस सायकलवरून आला. पाटाच्या कडेला एक भोक होतं, त्यावरचा चपटा दगड त्याने काढला आणि चार पावलांवरच्या दुसऱ्या भोकावर बसवला. दगडाच्या कडेने एक ओली चिंधी दाबली, मोबाइलवर वेळ बघितली आणि निघून गेला. पाणी मुकाट दुसऱ्या बागेत वळलं. ना पंप, ना मीटर, ना कुलूप, ना बाजूला उभं राहून ओरडणारं कोणी.

माझं माहेर धाराशिवकडचं. सामाईक विहिरीच्या पाळीवरून आमच्याकडे सख्ख्या चुलत्यांनी बारा वर्षं एकमेकांच्या दारात पाऊल टाकलं नाही. भर उन्हाळ्यात रात्री दोनला बाबा कंदील घेऊन बांधावर बसलेले मला आठवतात, कोणी दारं फोडेल म्हणून. त्यामुळे ती चिंधी काही डोळ्यांसमोरून जाईना.

हे पाणी आहे कोणाचं? वाटणी कशी ठरते? दुष्काळ पडला तर काय करतात? आणि एक. गावाबाहेर माळावर मातीच्या ढिगांची सरळ ओळ दिसली, प्रत्येक ढिगाच्या मध्ये खड्डा. शाळेच्या सहलीत पाणचक्की बघितली होती, तेव्हा सरांनी औरंगाबादच्या जमिनीखालच्या नहरीबद्दल आणि तिच्या झरोक्यांबद्दल सांगितलं होतं, ते आठवलं. काही नातं आहे का?

खडकीकर

ताई, तुमच्या मुलीने पाय सोडले तो फलज अल-खतमैन. त्याच्यापासून चालत दहा मिनिटांवर मी अकरा वर्षं राहिलो, एका बांधकाम कंपनीत सर्व्हेअर होतो. मूळचा मी औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातला. त्यामुळे तुमचा शेवटचा प्रश्न मलाही तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात पडला होता. सवडीने लिहितो, लांबेल.

आधी, पाणी कोणाचं. सरकारचं नाही, शेखचं नाही, ज्याच्या जमिनीखालून येतं त्याचंही नाही. ते हिस्सेदारांचं असतं. आणि हिस्सा पाण्यात नाही, वेळेत मोजतात. हे एकदा कळलं की बाकी सगळं उलगडतं. फलजचा प्रवाह रात्रंदिवस जवळजवळ सारखा असतो, मग लिटर कशाला मोजायचे? वेळ वाटली की पाणी आपोआप वाटलं जातं. सुमारे अर्ध्या तासाच्या हिश्शाला ‘अथर’ म्हणतात. चोवीस अथरांचा एक ‘बद्दा’, म्हणजे अर्धा दिवस. आणि एका अथरचे पुन्हा चोवीस ‘कियास’, म्हणजे एक कियास सव्वा मिनिटाचा. इतकं बारीक माप कशाला, असं मला आधी वाटायचं. मग लक्षात आलं की इस्लामी वारसा कायद्यात मुलीचा वाटा ठरलेला आहे, बायकोचा आहे, आईचा आहे. तीन पिढ्यांत एका अथरचे किती तुकडे होतील बघा. तुमच्या समोरून वळलं ते पाणी एखाद्या आजीबाईंचं असेल, ज्या कित्येक वर्षांत बागेत उतरल्याही नसतील.

हा हिस्सा विकता येतो, भाड्याने देता येतो, दान करता येतो. मशिदीच्या नावाने वक्फ केलेले अथर असतात, मदरशाच्या नावाने असतात, रमझानात रोजा सोडायला येणाऱ्यांच्या जेवणासाठी ठेवलेले असतात. काही हिस्से खुद्द फलजच्या नावाने असतात. ते पाणी लिलावात देतात आणि त्या पैशातून गाळ काढणं, भिंती सांधणं होतं. लिलाव करणारा ‘दलाल’, कारभार बघणारा ‘वकील’, हिशेब सांभाळणारा ‘अमीन अद-दफ्तर’. दलाल, वकील, अमीन, दफ्तर, वक्फ! पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा गावच्या तलाठ्याच्या चावडीत बसल्यासारखं वाटलं मला. आणि प्रत्यक्ष पाण्याची पाळी सांभाळतो तो ‘आरिफ’, म्हणजे जाणकार.

पाणी बागेत पोचायच्या आधी कुठून कुठून जातं ते मात्र पुढच्या वेळी चालत जाऊन बघा. बोगदा संपून पाणी पहिल्यांदा उघड्यावर येतं त्या जागेला ‘शरीआ’ म्हणतात. हो, तोच शब्द. अरबीत त्याचा मूळ अर्थच पाण्याकडे जाणारी वाट. तिथून प्यायचं पाणी भरायचं. तिथे जनावर घालायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत. त्याच्या खाली मशीद, वुजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला. त्याच्या खाली पुरुषांची न्हाणी, बायकांची न्हाणी, आणि मयताला आंघोळ घालायची वेगळी जागा. इथपर्यंतच्या पाण्याला हिस्सा लागत नाही, पैसा लागत नाही. वाटसरू असो, उंट असो, परधर्माचा असो, तहानेचा हक्क सगळ्यांना. हिशेब सुरू होतो तो याच्यानंतर, बागेच्या तोंडाशी.

आता दुष्काळ. वरच्या अंगाला खजूर असतो. खजुराचं झाड उभं राहायला वर्षं लागतात आणि ते एकदा मेलं की नातवाचं नुकसान. त्याच्या खाली ‘अवाबी’, म्हणजे हंगामी पिकाची जमीन, गहू आणि घासाची. पाणी कमी झालं की अवाबी पडीक टाकायची, खजूर जगवायचा. कोणाची किती पडीक टाकायची यावर दरवर्षी नव्याने भांडावं लागत नाही, कारण जमीन विकत घेतानाच ती कुठल्या थरातली आहे हे ठाऊक असतं. धाराशिवच्या तुमच्या विहिरीवर तंटा झाला तो याच प्रश्नावर झाला असणार. पाणी आटल्यावर आधी कोणी थांबायचं हे पाणी भरपूर असताना कोणी ठरवूनच ठेवलेलं नसतं.

माळावरचे ते ढीग म्हणजे बोगद्याचे झरोके. जबल अख्दर या डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर खणतात, तिला ‘उम्म अल-फलज’ म्हणतात, फलजची आई. तिला पाणी लागलं की तिथून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा काढायचा, अगदी अलगद उताराचा. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ साचतो. मी आयुष्यभर लेव्हल यंत्रावर डोळा ठेवून पोट भरलं, म्हणून सांगतो, दिव्याच्या उजेडात, गुडघाभर चिखलात, एवढ्या लांबीवर असा उतार राखणं ही सोपी गोष्ट नाही. ओमानात हे काम पिढ्यानपिढ्या अवामिर टोळीचे लोक करत आले. दर काही अंतरावर वरून झरोका पाडायचा, हवेसाठी आणि माती उपसायला. उपसलेली माती तोंडाभोवतीच टाकतात, त्याचंच कडं होतं, म्हणजे पावसाचा लोंढा आत शिरत नाही. मध्ये कोरडी नदी आडवी आली तर पाणी एका विहिरीतून खाली उतरवून नदीच्या तळाखालून नेतात आणि पलीकडच्या विहिरीतून वर आणतात. भाजलेल्या मातीच्या ‘सारूज’ नावाच्या चुन्यासारख्या लेपाने हे सगळं सांधलेलं असतं.

असे सुमारे ३,००० फलज ओमानात आजही वाहतात. सगळेच भुयारी नसतात. काही झऱ्यावरचे असतात, आणि पुष्कळसे नदीच्या वरच्या अंगाचं पाणी वळवून आणलेले. भुयारीवाल्यांना ‘दाऊदी’ म्हणतात. लोक सांगतात की दाऊदचा मुलगा सुलेमान इथून जात असता त्याने जिनांना कामाला लावलं आणि दहा दिवसांत दहा हजार फलज खणून घेतले. युनेस्कोने २००६ साली पाच फलज जागतिक वारशात घेतले. त्यात निझव्याचा दारिस आहे आणि तुमचा अल-खतमैनही आहे. अल-खतमैनचं पाणी पुढे बैत अल-रुदैदा या गढीजवळ तीन सारख्या वाटांमध्ये फुटतं, ती जागा चुकवू नका. ‘फलज’ या शब्दाच्या धातूतच फोडणं, वाटणं आहे.

आता नातं. हे तंत्र इराणात ‘कनात’ किंवा ‘कारेझ’. खोरासानातल्या गोनाबादच्या कनातीची आईविहीर ३०० मीटरहून खोल आहे. ९व्या शतकात खोरासानचा सुभेदार अब्दुल्ला इब्न ताहिर याच्यापुढे कनातींचे तंटे सारखे येत, आणि धर्मशास्त्राच्या ग्रंथांत त्यांचं उत्तर सापडेना. म्हणून त्याने खोरासानातल्या आणि इराकातल्या फकीहांना, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांना, एकत्र बसवून खास कनातींच्या कायद्याचं पुस्तक लिहवून घेतलं. पुढे ११व्या शतकात अल-करजी या गणितज्ञाने भूजल कसं शोधावं, बोगद्याची पातळी कशी धरावी यावर आख्खा ग्रंथ लिहिला. इस्लामी जगाच्या व्यापाराबरोबर, राजवटींबरोबर ही विद्या मोरोक्कोत गेली, स्पेनमध्ये गेली, आणि दख्खनमध्ये आली. बहमनी दरबारात इराणी माणसं भरपूर होती. खुद्द वजीर महमूद गावान गिलानचा. बिदरजवळ नौबादला कारेझ आहे. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५चा, अब्दुल रहीम खानखानाच्या काळातला. अहमदनगरला निजामशाहीत खापराच्या नळांनी पाणी आणलेलं. आणि आमच्या खडकीला, म्हणजे औरंगाबादला, मलिक अंबरने डोंगराखालून नहर आणली. हबशी पोरगा, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमध्ये शिकलेला आणि दख्खनमध्ये निजामशाहीचा वजीर झालेला. झरोके तेच, अलगद उतार तोच. पुढे शहरात शिरल्यावर मात्र नळ आणि दाब मोडायला बुरुजासारखे मनोरे. तो भाग फलजमध्ये नाही.

म्हणजे बोगदा आला. पण जे आलं नाही त्याचं मला जास्त वाटतं. ते हिस्सेदारीचं दफ्तर आलं नाही. आपल्याकडची नहर दरबाराने बांधली, दरबाराने चालवली. शहराला पाणी मिळालं, पण शहरातल्या कोणाच्याही नावावर त्यातली सव्वा मिनिटं नव्हती. दरबार गेला तेव्हा गाळ काढायला कोणी उतरलं नाही. आमच्या मोहल्ल्यातला हौद मी कोरडाच बघितला, त्यात आम्ही गोट्या खेळायचो. आजी मात्र त्याला ‘नहरीचा हौद’च म्हणायची आणि जाता-येता त्याच्या कडेला हात लावायची. तिच्या माहेरच्यांनी ते पाणी प्यायलं होतं.

पांझराकाठ

खडकीकर, मनापासून लिहिलंत. पण आपल्याकडे हिस्सेदारी नव्हती हे मी मान्य करणार नाही. नहरीवर नव्हती म्हणा. आमच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत आहे, तिकडे बागलाणात मोसमवरही. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, एका फडाला ऊस, एकाला हंगामी, एक पडीक, आणि दरवर्षी हे फिरतं. प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात असते, त्यामुळे वाईट वर्ष आलं तर सगळ्यांना थोडं थोडं येतं. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचंच नाही. ते पाटकरी देतो. त्याच्यावर हवालदार, रात्री जागले. पाटाच्या साफसफाईला ज्याचा माणूस येणार नाही त्याने दंड भरायचा.

माझे आजोबा पाटकरी होते. स्वतःची जमीन अवघी दीड एकर, पण पन्नास एकरवाल्यानेही दाऱ्याला हात लावायचा नाही, आधी आजोबांना हाक मारायची. भाद्रपदात सगळे मिळून पाट साफ करत, त्या दिवशी बंधाऱ्यावर नारळ फुटायचा आणि जेवण एका पंगतीत. तुमच्या आरिफचं वर्णन वाचताना मला आजोबांचं खांद्यावरचं फावडं दिसत होतं.

मोडीवाचक

दोन दुरुस्त्या, रागावू नका.

एक, तुमच्या लिहिण्यावरून हे तंत्र ओमानातही इराणातूनच आलं असं वाटतं, पण ते इतकं सरळ नाही. शेजारच्या अमिरातीत अल-ऐनजवळ बिदा बिंत सऊद इथे लोहयुगातला, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा फलज उत्खननात सापडला आहे. त्यामुळे ही विद्या अरबस्तानच्या या कोपऱ्यात स्वतंत्रपणे जन्मली असावी, असं म्हणणारे पुरातत्त्ववेत्ते आहेत. म्हणजे इस्लामच्याही कितीतरी आधीची. इस्लामने तिला कायदा दिला, दफ्तर दिलं आणि दूरवर नेलं, असं म्हणणं जास्त नेमकं होईल.

दोन, आपल्याकडे ही विद्या दख्खनी सुलतानांपाशीच थांबली नाही. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आणला, त्यालाही जागोजागी उच्छ्वास होते आणि पेठांत सार्वजनिक हौद. मलिक अंबरची नहर आणि पेशव्यांचा नळ एकाच घराण्यातले आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या मध्ये भिंत असते, जमिनीखाली नाही.

खडकीकर

दोन्ही दुरुस्त्या मान्य. माझं वाक्य घाईचं झालं.

पांझराकाठ, फडाची गोष्ट मला ऐकून ठाऊक होती, पण पाटकऱ्याच्या घरातल्या माणसाकडून पहिल्यांदाच ऐकली. आता माझं म्हणणं असं मांडतो. जिथे गाळ काढणाऱ्याच्या नावावर पाणी आहे तिथे पाणी टिकलं, मग तो अवामिर असो की अहिराणी बोलणारा पाटकरी. आणि याचा पुरावा माझ्याच गावात आहे, तो मी आधी लिहायला विसरलो. पाणचक्की. तिचा पाट बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी बांधलेला. बाबा बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे नक्शबंदी सूफी. त्यांच्या तकियात उतरणाऱ्या फकिरांना, यात्रेकरूंना भाकरी मिळावी म्हणून त्या पाण्यावर जातं फिरायचं. पाण्याला धनी होता, काम होतं, रोज जेवायला येणारं माणूस होतं. मोहल्ल्यातले हौद सुकले, पण पाणचक्कीच्या हौदात पाण्याचा पडदा आजही पडताना लोक बघतात. त्या हौदाच्या तळाखाली एक दालन आहे. मे महिन्यात तिथे जाऊन बसा, डोक्यावर पाणी आहे हे अंगाला कळतं.

तारांगण

मला एक विचारायचंय. मोबाइल नव्हते, घड्याळंही नव्हती, तेव्हा अर्धा तास मोजायचे कसे? दिवसा सावली असेल. रात्री काय?

खडकीकर

दिवसा सावलीच. उघड्या जागी एक खांब रोवलेला, आणि जमिनीवर दगडांच्या खुणा. सावली या खुणेवरून त्या खुणेवर गेली की अथर संपला.

इराणच्या काही गावांत वेगळी युक्ती होती. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तांब्याची एक छोटी वाटी सोडायची, तिच्या बुडाला बारीक भोक. वाटी भरून बुडाली की एक माप झालं. वाटीवर डोळा ठेवून एक माणूस दिवसरात्र बसलेला असायचा. हे वाचलं आणि मी थांबलोच. आपल्या लग्नात मुहूर्तासाठी ठेवतात ते घटिकापात्र म्हणजे दुसरं काय? आपण ‘घटका भरली’ म्हणतो ती हीच वाटी.

आणि रात्री तारे. हे मी स्वतः बघितलंय, एकदाच. माझ्या खोलीचे मालक सत्तरीच्या पुढचे, त्यांचे वडील आरिफ होते. गावात सगळे घड्याळावरच आलेले, पण मी फारच मागे लागलो तेव्हा जानेवारीतल्या एका रात्री ते मला घेऊन गेले. बागेच्या टोकाला एका पडक्या भिंतीपाशी त्यांनी मला बसवलं आणि म्हणाले, सदीक (मित्रा), इथून हलायचं नाही, एक वीतही नाही. डोळा हलला की वेळ हलली. समोर डोंगराची काळी कड होती. त्यांनी बोट करून दाखवलं, अस-सुरैया. मी बघितलं तर आपल्या कृत्तिका! तो झुबका हळूहळू कडेकडे उतरत होता. आम्ही बोलत नव्हतो. थंडी होती, पाटाचा एका सुरात आवाज. शेवटचा ठिपका कडेआड गेला तसे ते उठले, पाण्यात हात घालून दगड उपटला, दुसऱ्या तोंडावर बसवला आणि कडेने चिंधी दाबली. आवाज बदलला. लांबून, डाव्या हाताच्या बागेतून पाणी कोरड्या मातीवर पसरल्याचा सुस्कारा आला. मग म्हणाले, आता अद-दबरानपर्यंत दुसऱ्याचं. अद-दबरान म्हणजे रोहिणी. कृत्तिकेच्या मागोमाग येणारी म्हणून ते नाव.

वर्षभरात असे वीस-बावीस तारे पाळीपाळीने कामाला येत. कुठल्या महिन्यात कुठल्या ताऱ्यापासून कुठल्या ताऱ्यापर्यंत किती अथर, हे त्यांना पाठ होतं. त्यांच्या मुलांना नाही. एक मुलगा मस्कतला बँकेत, एक सोहारला. तो हिशेब लिहून ठेवा असं मी त्यांना दोनदा म्हणालो. ते म्हणाले, लिहून काय करायचं, भिंतच राहिली नाही तर तारा कशावरून मावळला म्हणायचा?

रानजाई

काका, हे वाचून काल रात्री आम्ही गच्चीवर गेलो. मस्कतच्या दिव्यांत कृत्तिका काही दिसल्या नाहीत.

एक शंका. हे असं किती दिवस चालेल? आमच्या इमारतीच्या मागे शेतं आहेत, तिथे तर बोअरच्या मोटारी चालू असतात. फलज आटत नाहीत का त्याने?

खडकीकर

आटतात. बोअर हाच फलजचा खरा शत्रू. फलज पाण्याच्या पातळीवरून वाहून जाणारं तेवढंच घेतो, त्याला ओरबाडता येत नाही. मोटार खालून खेचते, पातळी उतरते आणि आईविहीर कोरडी पडते. जुन्या कायद्यात ‘हरीम’ आहे, म्हणजे फलजच्या आईभोवती ठरावीक अंतरात दुसरी विहीर खणायला मनाई. सरकारही परवाने देताना ते बघतं. तरी १९७०नंतर पंप आले आणि बरेच फलज गेले. जे वाहतात त्यांच्या डागडुजीला सरकारी पैसा मिळतो, ते बरंच झालं. पण गाळात उतरणारे हात आता गावाचे नाहीत. बागेची निगा राखणारा पूर्वी गावातलाच असायचा, त्याला ‘बेदार’ म्हणत आणि मोबदल्यात खजुराचे घोस देत. आता ते काम बहुतेक ठिकाणी बांगलादेशातून आलेली पोरं करतात. ताई, तुम्हाला दिसलेला सायकलवाला कोण होता?

आणि परत जाल तेव्हा दुपार टळल्यावर जा. माझ्या घरमालकांची बाग बैत अल-रुदैदाच्या अंगाला, पडक्या भिंतीला लागून होती. ते २०१३ मध्ये गेले. भिंत आहे का तेवढं बघून सांगाल?

रानजाई

काका, आज जाऊन आलो.

सायकलवाला भेटला. बांगलादेशाचाच, सिल्हेटकडचा, सहा वर्षं झाली इथे. मोडकं हिंदी बोलतो. त्याच्या खिशात एक वही आहे, कडेला पाण्याने फुगलेली. अर्धी अरबीत लिहिलेली, अर्धी त्याच्या बंगालीत. कुठल्या वारी, किती वाजता, कोणाचं दार, सगळं आहे. मी बाबांच्या कंदिलाची गोष्ट सांगितली तर म्हणाला, आमच्याकडे पाणी इतकं की घरात शिरतं, म्हणून तर इथे आलो. मुलीने त्याला विचारलं, चुकून जास्त पाणी कोणाला दिलं तर? तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, यतीमाचं (अनाथाचं) आहे यात, चुकून चालत नाही.

भिंत अर्धी आहे. वरचे दगड पडलेत, पण बसायला कट्ट्याएवढी उरली आहे. समोर डोंगराची कड सरळ दिसते. फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवते.

आम्ही तिथेच बसलो होतो. साडेचार वाजता तो परत आला, वही उघडून बघितली आणि मुलीला म्हणाला, आता पाच वाजेपर्यंत मशिदीचं. दगड त्याने तिलाच उचलू दिला. चिंधी मात्र स्वतः दाबली.

खडकीकर

फोटो मिळाले ताई. भिंत तीच. उजवीकडे खालच्या थरात एक लांबट दगड दिसतोय ना, आम्ही त्याच्यावर बसलो होतो.

पांझराकाठ, पाट साफ करायच्या दिवशी यंदा तुमच्या बंधाऱ्यावर आलो तर चालेल का? फावडं घेऊन येतो.

पांझराकाठ

चालेल काय विचारता काका. तारीख ठरली की निरोप देतो. फावडं आजोबांचं आहे घरात, तुम्ही नुसते या.